अम्माच्या तीन भाषा

अम्मा बसमध्ये माझ्यापुढं तीन सीट सोडून बसली होती आणि एकटीच बोलत होती. सकाळचे सव्वाअकरा झाले होते. त्या वेळेला अम्मा घरी असते. म्हणजे असायला पाहिजे. मी साडेदहाला निघते तेव्हा ती तांदूळ निवडत असते, एकला परत येते तेव्हा भात झालेला असतो, मधलं कोण बघतंय. मीसुद्धा त्या बसमध्ये नसायला पाहिजे होते. शाळा सोडल्यावर अप्पांनी मला टायपिंगच्या क्लासला घातलंय. तिथं माझ्या मशीनची रिबन महिनाभर फाटलेली आहे आणि मास्टर म्हणतो, आधी बोटं बसव, रिबनचं मग बघू. कागदावर काही उमटतच नाही तर बोटं कशाला बसवायची? म्हणून आठवड्यातून दोनदा मी क्लास बुडवते, टाउन बसमध्ये बसते आणि शेवटच्या स्टॉपपर्यंत जाऊन परत येते. तर अम्मा. निळी साडी, केसात कनकांबराचा, म्हणजे अबोलीचा गजरा, मांडीवर कापडी पिशवी. ओठ हलत होते. आधी वाटलं जप करतेय. पण जपाला तोंड एवढं वाकडं करावं लागत नाही. ती ओठांचा चंबू करायची, मग जबडा खाली पाडायची, मग बोटांवर काहीतरी मोजायची आणि पुन्हा पहिल्यापासून. शेजारची बाई सरकून बसली. मला लाज वाटली, आणि लाज वाटली की मला पहिल्यांदा रागच येतो, त्यामुळं मी खिडकीबाहेर बघत बसले, जसं काही ती माझी कुणीच नाही.

मेडिकल कॉलेजच्या स्टॉपवर ती उतरली. मीही उतरले. झेरॉक्सच्या दुकानावर पहिला मजला, जिन्यात चपलांचा ढीग, आणि दारावर बोर्ड: जर्मन, जपानी, इटालियन, नर्सेससाठी खास. खिडकीला अर्धी काच नव्हती. आत वीस-बावीस वर्षांच्या पंधरा मुली, सगळ्यांचे केस रबरबँडनं बांधलेले, आणि शेवटच्या बाकावर कनकांबर. शिकवणारा पोरगा पंचविशीचासुद्धा नसेल. तो म्हणाला, "भवानी अम्मा, तुम्ही." आणि माझी अम्मा उठून उभी राहिली. शाळेत उठतात तशी, हात बाजूला सरळ. काहीतरी बोलली, चुकली, मुली हसल्या. मला वाटलं आता ती खाली मान घालील. तर तीही हसली. तोंड उघडून, दात दाखवून, पुढच्या मुलीच्या खांद्यावर हात ठेवून. सतरा वर्षं त्या बाईच्या घरात राहते मी, हे हसणं मला कधी मिळालं नव्हतं. मी जिना उतरले आणि उतरताना एका कुणाच्या तरी चपलेला लाथ मारली. ती खाली रस्त्यावर जाऊन पडली. नंतर बघितलं तर अम्माची नव्हती.

शाळेचं सांगते, नाहीतर लोक आपल्या मनानं काहीही धरतात. मी नापास होऊन सोडली नाही. अकरावीत फिजिक्सच्या मॅडमनी माझे मार्क वर्गात मोठ्यानं वाचले आणि वर म्हणाल्या, "तंजावूरच्या राजाच्या घरातली दिसतेस, तुला काम करायची गरज नाही." आमच्या घरी मराठी बोलतात हे सगळ्यांना माहीत, आणि मराठी बोलतो म्हणजे आम्ही राजवाड्यात राहतो असं निम्म्या वर्गाला वाटतं. माझे अप्पा सूर्यनारायण ओरत्तनाडुच्या तालुका ऑफिसात जातात, सकाळी साडेसातची बस पकडून, डब्यात ताकभात घेऊन. असा राजा. मी प्रॅक्टिकलच्या रेकॉर्डची वही उचलली आणि फेकली. मॅडमवर नाही, खिडकीबाहेर. पण ती खाली प्रिन्सिपॉलच्या गाडीवर पडली. दुसऱ्या दिवशी अम्माला बोलावलं. मी आत गेले तर अम्मा खुर्चीसमोर उभी, हात जोडलेले, आणि म्हणत होती, लहान आहे, माफ करा, मी बघते, मी बसते रोज तिच्यापाशी. मॅडम बाजूला पेन फिरवत होत्या. अम्मानं मला विचारलंसुद्धा नाही. माझ्या वतीनं ती माफी मागून मोकळी झाली, आणि ती मिळालीसुद्धा. त्या जोडलेल्या हातांवर हळदीचा डाग होता. मी तिथूनच निघाले, दप्तर वर्गातच राहिलं, आणि परत गेले नाही. सगळे म्हणतात मॅडममुळं सोडली. अप्पा म्हणतात डोक्यातला राक्षस. अम्मा आठ दिवस चार वाजले की चटई टाकून बसायची, पुस्तक उघडून, मी आतल्या खोलीत दार लावून. नवव्या दिवशी चटई टाकली नाही. मला वाटलं मी जिंकले.

कारण पहिलीपासून चार ते सहा ही वेळ माझी होती. त्या वेळात कुणी आलं तरी अम्मा उठायची नाही. आजी अंथरुणाला खिळली होती तेव्हासुद्धा पावणेचारला तिचं सगळं आवरून अम्मा हात धुऊन माझ्यापाशी यायची, हाताला डेटॉलचा वास असायचा, आणि मी त्या वासात पाढे म्हटले, त्या वासात तमिळची शेकडो कुरळी अक्षरं गिरवली. अम्मा लग्नाआधी नर्स होती. पापनाशमच्या एका दवाखान्यात दोन वर्षं, पांढरी साडी नेसून. लग्न ठरलं तेव्हा नागलक्ष्मी आत्या, म्हणजे अप्पांची थोरली बहीण, म्हणाली की आपल्या घरच्या बायका परक्यांचे बेडपॅन उचलत नाहीत. मग अम्मानं नऊ वर्षं आत्याच्याच आईचा बेडपॅन उचलला, ते चाललं. आजी गेली तेव्हा आत्यानं रडून रडून डॉक्टरांनी किती सेवा केली ते सगळ्यांना सांगितलं. मी तेव्हा पंधरा वर्षांची होते आणि मला ओरडून सांगावंसं वाटत होतं. अम्मा तेराव्याच्या भाज्या चिरत होती. तिनं नुसतं माझ्याकडं बघून मान हलवली, नको. तिच्या त्या 'नको'चा मला जेवढा राग आहे तेवढा आत्याचापण नाही.

आता चार ते सहा अम्मा मागच्या अंगणात धुण्याच्या दगडावर बसते, कानात इयरफोन. अप्पांना वाटतं भजनं ऐकते. सोमवारी जर्मन, बुधवारी जपानी, शुक्रवारी इटालियन, आणि मधल्या दिवशी तिन्ही कालवून. एक वही, तीन रंगांची पेनं. सगळं तमिळ अक्षरांत, कारण देवनागरी आमच्या घरात फक्त देवाच्या एका पोथीत असते. मी अंगणालगतच्या न्हाणीघरात दार लावून उभी राहायची. नळ थोडा सोडायचा, म्हणजे संशय नको. ती आधी तमिळमध्ये अर्थ सांगायची, मग एकेक वाक्य दहादा म्हणायची आणि दहाव्याला चुकायची. मला तिसऱ्याला येत असायचं. दुखतं का? कुठं दुखतं? पाणी देऊ? पाय वर करा. खिडकी उघडू? तीन देशांतल्या म्हाताऱ्यांना आमच्या न्हाणीघरातून मी मनातल्या मनात पाणी दिलं, कुशीवर वळवलं, त्यांना नातवंडं किती ते विचारलं. आकडे, वार, नाती, भाज्या, सगळं मला येऊ लागलं. तोंडातून मात्र एक शब्द काढला नाही. शिकले असं वाटायला नको होतं. मी शिकणं सोडलंय, हे सगळ्या घराला माहीत होतं, आणि तेवढंच एक माझ्याकडं होतं.

बसच्या त्या दिवसानंतर मी तिला विचारलं. ती वांगी चिरत होती. मी म्हटलं, "मेडिकल कॉलेजपाशी काय काम असतं तुझं?" तिनं विळी थांबवली नाही. म्हणाली, "तुझं टायपिंग मेडिकल कॉलेजपाशी असतं का?" मग आम्ही दोघींनी एकमेकींकडं बघितलं, दोन चोर एकाच भिंतीवर भेटावेत तसं.

"तीन कशाला?" मी विचारलं. "माणूस एक शिकतो."

"एक शिकले आणि त्यांनी नको म्हटलं तर?"

"कुणी?"

"त्या देशानं. जो आधी बोलावील तिथं जायचं." हे ती इतकं साधं म्हणाली, जसं काही भाजीवाला आधी येईल त्याच्याकडनं घेऊ. "पंचेचाळीसपर्यंत घेतात. मला चार वर्षं आहेत. दसऱ्यानंतरच्या सोमवारी चेन्नैला परीक्षा आहे, तोंडी. ती झाली, निवड झाली, की मीच अप्पांना सांगते. आधी कळलं तर आत्याला कळेल, आत्याला कळलं तर झालंच. तू बोलू नको गे."

"आणि मी?"

तिनं वांग्याच्या फोडी पाण्यात टाकल्या. पाण्यात हात तसाच ठेवून बसली. मला वाटलं आता म्हणेल, तुलाही नेते, किंवा दोन वर्षांचा प्रश्न आहे, किंवा तुझ्यासाठीच करतेय. बाकीच्या आया म्हणतात तसलं काहीतरी. मी उत्तरसुद्धा तयार ठेवलं होतं, चांगलं झोंबणारं. अम्मा म्हणाली, "तुला भात लावता येतो. अप्पांना ताकात आलं लागतं." माझं झोंबणारं उत्तर ह्या वाक्याला बसतच नव्हतं. मी बाहेर गेले आणि ओट्यावर बसून राहिले. रस्त्यानं माणसं जात होती. मला कळलं की तिला जर्मनी नको, जपान नको, इटली तर तिला नकाशात दाखवतापण येणार नाही. तिला फक्त हे नको. आणि ह्यात ओटा होता, विळी होती, अप्पांचा डबा होता, आणि मी होते. कुठं जायचं ते ठरलेलं असतं तर मी त्या जागेवर तरी रागावले असते.

नवरात्र आलं. कोलुच्या, म्हणजे नवरात्रातल्या बाहुल्या मांडायच्या पायऱ्या अम्मानंच लावल्या, सात, वर पांढरं धोतर. बाहुल्या मी पुसून दिल्या. कोलुला बायका संध्याकाळी एकमेकींच्या घरी जातात, आलेल्या बाईनं बाहुल्यांपुढं बसून एक गाणं म्हणायचं, मग घरची बाई सुंडल, म्हणजे हरभऱ्याची उसळ देते, कुंकू लावते. अम्मा गात नाही. दरवर्षी, दर घरी, "घसा बसलाय." मी लहान असताना मला खरंच वाटायचं की नवरात्रात अम्माचा घसा बसतो, थंडीत काहींचे पाय दुखतात तसा. सहाव्या दिवशी नागलक्ष्मी आत्या आली, आणि शेजारच्या राजम मामी, आणि मामींची सून वत्सला, जिचं नुकतं लग्न झालंय. अप्पा ओट्यावर पेपर घेऊन बसले होते, दार उघडंच होतं. वत्सलानं गायलं, बरं गायलं. राजम मामींनी गायलं, खोकत, पण शेवटपर्यंत सोडलं नाही. आत्यानं तर एक झाल्यावर कुणी न सांगता दुसरं सुरू केलं. ते संपल्यावर पदरानं घाम पुसून म्हणाली, "आता भवानी. यंदा तरी."

"घसा बसलाय आत्या."

"अठरा वर्षं बसलाय. कुणाला दाखवलास का गे? तू तर नर्स होतीस, स्वतःच बघ आरशात."

वत्सला तोंडावर हात ठेवून हसली. अम्मा सुंडलमध्ये खोबरं कालवत होती.

"बरं, ही गाईल," आत्यानं माझ्याकडं मान वळवली. "का गे हरिता? शाळा नाही, गाणं नाही, टायपिंगचं पण अप्पा म्हणत होता की मास्टरनं फोन केला, ही जातच नाही. मग असते कुठं दिवसभर?"

"नखं वाढवते," मी म्हटलं.

"बघा जीभ. राजम मामी, तुमच्या घरात असं बोललेलं चालेल? आमच्या आईच्या वेळी ह्या घरात मुली मान वर करत नव्हत्या. एकच पोर, आणि आई घरी बसून, दुसरं काम नाही, तरी हे असं. काय केलंस गे भवानी इतकी वर्षं?"

आता अम्मा बोलेल. 'नको' का होईना, माझ्याकडं बघून मान हलवील. चार ते सहा, अकरा वर्षं, काय केलं ते तिला तोंडपाठ होतं. मी तिच्याकडं बघत होते. ती वाट्या भरत होती आणि तिचे ओठ हलत होते, अगदी बारीक. सोमवार, जर्मन. तिनं ऐकलंच नव्हतं. आत्याला न ऐकणं मी समजू शकते, पण ह्यात मी पण होते. तिच्या लेखी आम्ही दोघी एकाच खोलीतला गोंगाट झालो होतो. माझ्या कानात काहीतरी तापलं आणि मी मोठ्यानं, ओट्यापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाले, "आत्या, अम्माला गाणं येत नाही. पण तिला जर्मन येतं. जपानी येतं. इटालियनपण. तीन शिकतेय ती. तिला म्हणायला सांगा."

पेपरचा आवाज थांबला. आत्या माझ्याकडं, मग अम्माकडं बघत राहिली. "काय येतं?"

"कशाला गे?" अम्मा म्हणाली. मलाच. पाहुण्यांशी बोलतात त्या तमिळमध्ये नाही, घरच्या मराठीत, अगदी हळू. रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं. मी तोंडातलं परत घ्यायला बघत होते पण ते गेलं होतं, आत्याच्या डोळ्यात पोचलं होतं, तिथून उद्या सकाळपर्यंत ते सगळ्या नातेवाइकांत पोचणार होतं. अप्पा दारात येऊन उभे राहिले, चष्मा कपाळावर. "काय भवानी, काय भाषा? कशासाठी?" राजम मामी म्हणाल्या, "अय्यो, आमचा भाचापण फोनवर शिकतो, कसलातरी खेळ असतो त्यात, नाही का?" त्यांनी बिचाऱ्यांनी दार उघडून दिलं होतं. पण अम्मा त्यातून गेली नाही. तिनं वाटी खाली ठेवली, पदराला हात पुसले आणि उभी राहिली. क्लासमध्ये राहिली होती तशी, हात बाजूला सरळ, सात पायऱ्यांच्या बाहुल्यांपुढं.

"इश हाइसं भवानी," ती म्हणाली. "इश कोमं आउस इंडिएन." थांबली. "इश हाबं काइनं किंडर."

वत्सला टाळी वाजवायला निघाली होती, पण अम्मा थांबली नाही. "वाताशी वा भवानी देस. इंदो कारा किमाश्ता. कोदोमो वा इमासेन." मग श्वास घेऊन, थोडं हसून, "मी क्यामो भवानी. वेंगो दालिंदिया. नॉन ओ फील्यी."

"'मी' म्हणाली! 'मी' म्हणाली!" आत्या ओरडली. "अगं हे तर आपलंच!" आणि सगळ्या हसल्या. अप्पांच्यापण मिशीत हसू आलं.

माझं नाव भवानी. मी भारतातून आले. मला मुलं नाहीत. तीनदा. एकदा म्हटलं असतं तर मी म्हणाले असते चुकली, ती दहाव्या वेळेला चुकतेच. दोनदा म्हटलं असतं तर म्हणाले असते, फॉर्ममध्ये असंच लिहायला सांगितलं असेल, मुलंबाळं असलेल्या बायकांना घेत नसतील, त्या पंचविशीच्या पोरानं हेच घोकून घेतलं असेल सगळ्यांकडून. तसंच असेल. पण तिच्या तोंडून ते इतकं स्वच्छ आलं, एक अक्षर अडलं नाही. मी न्हाणीघरातून ऐकत असते हे तिला माहीत होतं का? नळाच्या आवाजावरून कळलं असेल? तसं असेल तर ते फक्त मला होतं, त्या पाच माणसांत फक्त मला, आणि नसेल तर ते खरं होतं. मला दोन्हीतलं काय हवं होतं ते अजून कळत नाही.

"पण म्हणाली काय?" अप्पांनी विचारलं. हसू मिशीतच होतं, पण भुवया जवळ यायला लागल्या होत्या. "भवानी?"

अम्मा अजून हात बाजूला सरळ ठेवून उभी होती. तिची मान ताठ होती. परीक्षेच्या सोमवारला सातच दिवस होते. मला तिन्ही भाषांतले सगळे शब्द समोर दिसत होते, तिच्या वहीतल्या तीन रंगांत, आणि त्यातला एक जरी मी आता मराठीत सांगितला असता तर चेन्नै संपली असती, ती आयुष्यभर इथंच राहिली असती, विळीपाशी, माझ्यापाशी. मला तेच तर हवं होतं. दोन मिनिटांपूर्वी मी तेवढ्यासाठीच तोंड उघडलं होतं.

"म्हणाली, या, बसा," मी म्हणाले. "आमच्या घरी कोलु आहे, सुंडल खाऊन जा. तिन्हीत तेच. पाहुण्यांशी बोलायचं असतं ना देवळापाशी, परदेशी लोक येतात, त्यांच्यासाठी टाइमपास. मला पण येतं तेवढं."

"एवढंच?" आत्या म्हणाली. "मग मराठीत सांगायचं की! मी कधीची भुकेली बसलेय." पुन्हा हसू. अप्पा म्हणाले, "चांगलंय, भजनांपेक्षा बरं," आणि चष्मा नाकावर घेऊन ओट्यावर गेले. पेपर उलगडल्याचा आवाज आला.

"होय," अम्मा म्हणाली. "तेच म्हणाले मी." कुणाला म्हणाली कळलं नाही.

मग तिनं सुंडल दिलं, आणि निघायची वेळ झाली तेव्हा तांबूल आणलं. ताटात विड्याची पानं, सुपारी, हळकुंड, नारळ, ब्लाउजपीस. आत्याला आधी, वयानं मोठी म्हणून. मग राजम मामींना. मग वत्सलाला. त्या दारात चपला शोधत होत्या. ताटात एक तांबूल उरलं होतं. घरच्या मुलीला आमच्यात ते देत नाहीत. येऊन परत जाणाऱ्या बाईला द्यायचं असतं. अम्मा माझ्यापुढं येऊन उभी राहिली, बोटानं माझ्या कपाळाला कुंकू लावलं, आणि ताट पुढं केलं. तिचे डोळे माझ्या चेहऱ्यावर होते, पण नीट, जसं एखाद्या परक्या बाईनं आपलं मोठं काम केलं की तिच्याकडं बघतात. पदर नव्हता म्हणून मी ओढणीचं टोक धरलं, दोन्ही हातांनी पुढं केलं, आणि घेतलं.